कॅनडाचा एक्स्पिरियन्स काय झाडाला लागतो व्हय

पहाटेचे तीन वाजलेत, जेटलॅगनं झोप येईना, खाली पाहुणे घोरत पडलेत. बहिणीचं लग्न काल पार पडलं आणि मी बेळगावच्या शहापुरात आमच्या माडीवर बसून हे टाईप कराय लागलोय, कारण काल मांडवात निदान वीस जणांनी एकच प्रश्न विचारला, काय रे, तिकडं काय करतोस? आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं स्वतःच बोलून मोकळे, मग काय बाबा, डॉलरमध्ये पगार, मजा आहे तुझी.

मजा! कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला एका वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला खोकी उचलतो मी. घ्या, सांगून टाकलं.

इथंच उद्यमबागच्या कारखान्यांत सहा वर्षं फाउंड्रीत काढलीत मी, क्वालिटीत होतो. एसजी आयर्न, म्हणजे आत ग्रॅफाइटचे बारीक गोळे असलेलं लोखंड, त्याचं कास्टिंग हातोडीनं ठोकून नुसत्या आवाजावरनं सांगायचो. घंटेसारखं वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर बाजूला काढ, मग मायक्रोस्कोपखाली बघितलं की ग्रॅफाइटचे गोळे नीट झालेलेच नसायचे. तो कान तयार व्हायला दोन वर्षं गेली, भट्टीपुढं घाम गाळून, जुन्या मिस्त्रींच्या शिव्या खाऊन. आणि तिकडं एचआरची बाई फोनवर सगळं ऐकून घेते, व्हेरी नाइस म्हणते, आणि मग विचारते, कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का? अगं बाई, लोखंड तुमच्याकडं काय वेगळ्या डिग्रीला वितळतं काय? आमच्या फाउंड्रीचा माल बोटीनं परदेशात जायचा, त्या कास्टिंगला कुणी विचारलं नाही की तुला इकडचा अनुभव आहे का म्हणून. माल चालतो, माल करणारा चालत नाही.

आपल्यात म्हण आहे ना, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसली गत. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही.

बरं, हे चूक आहे हे तिकडच्या सरकारला कळत नाही असं नाही हां. ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगानं २०१३ लाच सांगून ठेवलंय की सरसकट कॅनेडियन अनुभव मागणं म्हणजे सकृतदर्शनी भेदभाव. इंजिनिअरच्या लायसन्ससाठी ती अट होती, ती २०२३ मध्ये काढली. आणि १ जानेवारी २०२६ पासून तर २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत हे लिहायलाच बंदी. म्हणून आता लिहीत नाहीत, फोनवर विचारतात! किंवा विचारतच नाहीत, नुसतं गप्प. शंभराच्या वर अर्ज टाकलेत मी, निम्म्यांचं तर नाही म्हणून सुद्धा उत्तर नाही. नाही म्हणा की रे, आमचं काय मन दुखणार नाही, पण काहीतरी बोला.

डिग्रीचं इव्हॅल्युएशन पण केलं पैसे भरून, तिकडच्या चार वर्षांच्या डिग्रीएवढीच आहे असा कागद आला, तो आता बॅगेत. उलट वेअरहाऊसच्या कामाला अर्ज करताना रूममेट म्हणाला, डिग्री काढून टाक, जास्त शिकलेला दिसलास तर घेणार नाहीत. म्हणजे एकीकडं कमी पडतोय आणि एकीकडं जास्त होतोय. दोन रेझ्युमे आहेत माझ्याकडं, एकात सहा वर्षं फाउंड्री आहे, दुसऱ्यात मी बारावी झालेला हमाल आहे. नोकरी दुसऱ्यानं दिली.

तिकडं आधी शिकायला होतो, तेव्हा तर तास मोजून काम. आधी आठवड्याला २० तास, मग नोव्हेंबर २०२४ ला २४ केले, आणि भाडं काय तास बघून येत नाही. नवीन आलेल्यांना मदत करायला सेंटर्स असतात म्हणून मोठ्या आशेनं गेलो, तर कळलं केंद्र सरकारच्या पैशानं चालणारी ती मदत बहुतेक पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळालेल्यांना, आणि रेफ्युजींना, आमच्यासारख्या परमिटवाल्यांना नाही. खोली बघायला गेलं की क्रेडिट स्कोअर. आता कालच विमानातनं उतरलेल्या माणसाचा कसला स्कोअर असणार? सहा जण बेसमेंटमध्ये, एक बाथरूम, सकाळी नंबर लावायचा.

आणि सगळ्यात डोकं कशानं फिरलं सांगू, एकानं सल्ला दिला की कम्युनिकेशन सुधारा, मिसळायला शिका. मला! बेळगावच्या माणसाला! घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात हिंदी, कॉलेजात इंग्लिश, आमच्या आईला अजून कन्नड फॉर्म भरायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते आणि तरी ती तिथल्या क्लार्कशी हसून बोलून काम करून आणते. दुसऱ्याच्या भाषेत जगायचं ट्रेनिंग आम्हाला जन्मल्यापासून आहे.

पण खरं सांगू, काल रात्री एक गोष्ट आठवली आणि लाज वाटली. आमच्याकडं फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, बिहारची, ओडिशाची पोरं यायची कामाला. आणि मीच, हो मीच, गेटवर उभं राहून विचारायचो, इधर का काम किया है क्या पहले? नाही म्हटलं की पगार कमी लावायचा. एक पोरगं म्हणालं होतं, साब, ग्राइंडर तो वही है. मी हसलो होतो त्याला.

असो. लग्नाला आलोय, दहा दिवसांची रजा, ती पण बिनपगारी. आईनं बेळगावची मिठाई म्हणून कुंदा दोन किलो आत्ताच बांधून ठेवलाय तिकडच्या साहेबांना द्यायला. कुठला साहेब आई, तिथं स्कॅनर बीप करतो तोच साहेब.

आणि मघाशी झोपायच्या आधी मामा कानात म्हणाला, उद्या पोराला घेऊन येतो, त्याला कॅनडाच्या कॉलेजचं लेटर आलंय, खानापूरची जमीन गहाण टाकून लोनचं बघालोय, तू जरा धीर दे त्याला, तू सेटल झालायस नव्हं. अकरा वाजता येणार आहेत. मी अजून जागाच आहे.