घरी राहतेस, मग कर्ज झालंच कसं?

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातली एक ज्युनिअर पोरगी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून रडली. वय २४, घणसोलीला आईवडिलांकडे राहते, क्रेडिट कार्डाचे दीड लाख झालेत आणि घरी कुणाला पत्ता नाही. शेजारी बसलेला आमचा एक दादा लगेच म्हणाला, अगं घरी राहतेस ना, भाडं नाही, जेवण आयतं, वर्षभरात फिटेल, रडतेस काय. तिने मान डोलावली, डोळे पुसले आणि तिथल्या तिथे सगळ्यांसाठी कोल्ड कॉफी मागवली. कार्डावर. मला हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला, कारण दोन वर्षांपूर्वी मी अगदी हेच करत होते. म्हणून लिहितेय. लांब होणारे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

मी कोपरखैरण्याची. आबा म्हणजे माझे वडील, माथाडी कामगार, मशीदबंदरचा दाणाबाजार वाशीला आला तेव्हा तेही इकडे आले, शंभर किलोची गोणी पाठीवर वाहिलेला माणूस. आता रिटायर आहेत. माथाडीचं बैठं घर, त्यावर मागाहून चढवलेला मजला, वर भाडेकरू आणि खाली आम्ही तिघं. मी ऐरोलीला आयटी पार्कमध्ये आहे, त्यामुळे पाटणकडच्या आमच्या गावात सगळीकडे झालंय की पोरगी आयटीत हाय. प्रत्यक्षात बॅकऑफिस आहे, पीएफ वगैरे कापून हातात ३१ हजार येतात. पण हे गावाला कोण सांगणार, आणि खरं तर घरी पण कधी कोणी विचारलं नव्हतं.

लोकांना वाटतं घरी राहणाऱ्याचं कर्ज म्हणजे उधळपट्टी. माझी तेवढी मजा झाली असती तरी चाललं असतं. आबांचा पहिल्या पगारापासून नियम होता, पोरीच्या पैशाला हात लावायचा नाही. घरात एक रुपया घ्यायचे नाहीत. मग मी काय करणार, मी वस्तू आणायचे. फ्रीज आणला नो कॉस्ट ईएमआयवर (नो कॉस्ट म्हणे, त्यातल्या व्याजावरचा जीएसटी आपणच भरतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी). आईचे दात केले. जत्रेला गावी जायला गाडी केली, कारण आयटीतली पोरगी एसटीने गेली तर चुलत्या काय म्हणतील. चुलत बहिणीच्या लग्नात आहेर. मग माझा फोन. मग ट्रेन सोडून रोज रिक्षा, कारण थकायला व्हायचं, आणि थकून आलं की रात्री खोलीत जाऊन काहीतरी मागवायचं. यात एक पण गोष्ट अशी नाही की जिच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, बघ, हिच्यामुळे झालं.

दोन वर्षांत एका कार्डावर १ लाख ३५ हजार, दुसऱ्यावर ६२ हजार, आणि कार्डाचं बिल भरायला एका अ‍ॅपवरून घेतलेले १८ हजार. एकूण २ लाख १५ हजार. काहींना ही रक्कम मोठी वाटणार नाही, पण माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढी होती.

आता त्या मिनिमम ड्यूबद्दल, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागते त्या रकमेबद्दल थोडं सांगते, कारण ती ज्युनिअर पोरगी पण मला म्हणाली, ताई मी मिनिमम तर दर महिन्याला भरते. मी पण भरायचे, अभिमानाने, तारखेच्या दोन दिवस आधी. १ लाख ३५ हजारांवर ५ टक्के म्हणजे ६,७५०. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,७२५. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८५० रुपये. राहिले किती, ११७५. पावणेसात हजार भरून मुद्दल हललं अकराशे पंच्याहत्तरने, आणि त्याच महिन्यात मी दोन हजारांचं किराणा-बिराणा त्याच कार्डावर केलेलं असायचं, ज्याला व्याजमुक्त दिवस वगैरे काही नसतात, मागची बाकी असली की नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे मला तीन वर्षं कार्ड वापरून पण माहीत नव्हतं. मला वाटायचं ते ४५-५० दिवस सगळ्यांनाच मिळतात. पूर्वी कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा एक निर्णय होता, तो सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, म्हणजे तिकडूनही काही आशा नाही.

पण मला आकड्यांपेक्षा जे सांगायचंय ते वेगळंय. घरी राहून पैसे वाचतात हे अर्धंच खरंय. घरच्यांना माहीत असेल तरच वाचतात. माहीत नसेल ना, तर घरी राहणं भाड्याच्या खोलीपेक्षा महाग पडतं, कारण रोज संध्याकाळी दोन माणसांसमोर आपल्याला आपलं बरं चाललंय असं दाखवायचं असतं. पगाराच्या दिवशी मिठाई आणायची. मावशी आली की वाशीला जेवायला न्यायचं. आई म्हणाली मिक्सर आवाज करतोय की लगेच नवीन, कारण "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं तर ती बघेल ना माझ्याकडे, का गं, काही झालंय का. त्या एका प्रश्नाला घाबरून मी साडेचार हजारांचा मिक्सर घेतलाय. माझी ठाण्याची मैत्रीण वर्तकनगरला दोन पोरींबरोबर भाड्याने राहते, तिची ओढाताण झाली की ती सरळ आठवडाभर खिचडी खाते आणि कोणाला काही सांगावं लागत नाही. मला ती सोय नव्हती.

कळलं कसं तर फोन आला. अ‍ॅपवाल्याचा, आईच्या मोबाईलवर, रात्री नऊ वाजून गेल्यावर. नंबर मीच दिला होता, रेफरन्स म्हणून. (नंतर वाचलं की वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, घरच्यांना त्रास द्यायचा नाही हे पण आहे, आणि लोन अ‍ॅपने आपल्या फोनमधली नंबरांची यादी बघायलाही परवानगी नाही. तेव्हा यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.) आता गंमत अशी की असे फोन फ्रॉड असतात हे आईला मीच शिकवलेलं. तिने त्याला असा झापला की बस, तुला आईबहीण हाय का न्हाय, माझी पोरगी आयटीत हाय, ती कशाला तुझे अठरा हजार घेईल. मी किचनच्या दारात उभी. आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आईकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती उचल झालीया?"

उचल. त्यांच्यासाठी कर्ज म्हणजे उचल. मी कार्ड, बिल सायकल, मिनिमम ड्यू असलं काहीतरी सांगायला लागले तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, आकडा सांग." मी १ लाख सांगितला. खोटं. दोन दिवसांनी पूर्ण सांगितला. हे कबूल करते कारण मी असं कोणाला कधीच म्हणणार नाही की घरी सांगा, मोकळं वाटेल. मला अजिबात मोकळं वाटलं नाही, आठ दिवस जेवण जात नव्हतं, आणि आई माझ्याशी बोलत नव्हती ते कर्जामुळे नाही तर त्या माणसासमोर तिने छातीठोक सांगितलेलं खोटं निघालं म्हणून.

आबा चिडले नाहीत. त्यांनी पतपेढीतून आत्याच्या लग्नाला कर्ज काढलेलं, ते वर्षानुवर्षं पगारातून कापून जायचं, त्यामुळे हा विषय त्यांना नवा नाही. वही काढली, तीन ओळी लिहिल्या, कोणाचे किती, व्याज किती. माझा एक मित्र म्हणतो जास्त व्याजवालं आधी फेड, दुसरा म्हणतो सगळ्यात छोटं आधी फेड म्हणजे हुरूप येतो. आबांची पद्धत तिसरीच, जो घरी फोन करतो त्याचं आधी. आईची भिशी त्या महिन्यात लागली होती, त्यातून अ‍ॅपचे १८ हजार गेले. त्या रात्री आई माझ्याशी पहिल्यांदा बोलली, म्हणाली भांडी घास.

उरलेल्या १ लाख ९७ हजारांसाठी आबा म्हणाले माझी एफडी आहे २ लाखांची, मोडू. आणि इथे मी माठपणा केला. नाही म्हणाले. माझं कर्ज मी फेडीन, तुमच्या म्हातारपणाच्या पैशाला हात लावणार नाही, वगैरे वगैरे, डोळ्यात पाणी आणून. चार महिने असा बाणा. त्या चार महिन्यांत दोन कार्डांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून महिन्याला आठ हजारांच्या आसपास जात होते, म्हणजे माझ्या स्वाभिमानाचं बिल झालं तीस-बत्तीस हजार. घरच्यांकडून पैसे घेणं म्हणजे कमीपणा असं मानणारे भरपूर भेटतात, मी पण त्यातलीच होते, पण हिशोब बघा ना. माझा बाप ७ टक्क्यांनी बँकेला पैसे वापरायला देतो आणि मी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बँकेला वर्षाला ४२ टक्के देते, आणि आम्ही दोघं एकाच ताटलीत भजी खातो.

शेवटी एफडी मोडायची वेळ आलीच नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली काका मोडता कशाला, एफडीवरच लोन घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा १ टक्का जास्त पडेल, ९० टक्के मिळतील. १ लाख ८० हजार, ८ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज १,२००. तेवढ्याच रकमेवर कार्डाला जीएसटी धरून ७,४३४ जात होते. वरचे १७ हजार माझ्या बोनसमधून भरले. एक कार्ड बंद केलं (पूर्ण बाकी भरून बंद करायला सांगितलं की ७ कामकाजाच्या दिवसांत करावं लागतं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे, हे सांगितलं की पटकन होतं), दुसऱ्याचं लिमिट कमी करून १५ हजार केलं. मधे एकाने सल्ला दिला होता की भरणं थांबव, मग बँकवाले अर्ध्यात सेटल करतात. करतात, पण मग आपल्या क्रेडिट रिपोर्टवर सेटल्ड असा शिक्का बसतो आणि पुढे घराचं लोन मागायला गेलीस की तो शिक्का आधी दिसतो. नको.

आता जी गोष्ट मला सगळ्यात अनपेक्षित होती ती. लोन घेतलं त्याच महिन्यात आबांनी घरखर्चाला पैसे मागितले. ज्या माणसाने सहा वर्षं पोरीचा रुपया घेतला नाही त्याने मी कर्जात असताना महिना ३ हजार लावले. आई भडकली, अहो तिला आधी फेडू तर द्या. आबा म्हणाले, "फुकट खाल्लं म्हणूनच तिला वस्तू आणाव्या लागत होत्या." मी गप्प. एवढं बरोबर मला स्वतःला पण सांगता आलं नसतं. ३ हजार द्यायला लागल्यापासून मी घरात एक पण वस्तू आणलेली नाही, आणि आणावीशी वाटत पण नाही. मिक्सर परत आवाज करतोय, करू दे.

पगार झाला की १५ हजार लोनला, ३ हजार आईच्या हातात, ४ हजार आरडीत. राहिलेल्यात पास, फोन, पॉलिसी, आणि हो, महिन्यातून दोनदा बाहेर खाणं, तेवढं मी ठेवलंय आणि त्याबद्दल मला कोणी बोलायचं नाही. यावर्षी जत्रेला एसटीने गेलो. चुलत्या काही म्हणाल्या नाहीत, त्यांना कौतुक होतं ते फुकट तिकिटाचं, आबांचं म्हातारपण अजून ७५ ला पोचलं नाही म्हणून त्यांना अर्धं लागलं याचीच चर्चा जास्त झाली.

सगळ्यांचे आईबाप असे नसतात हे मला माहितीये. कळव्याच्या एका मैत्रिणीने घरी सांगितलं तर तिचं एटीएम भावाने काढून घेतलं आणि पुढच्या रविवारी स्थळ बघायला माणसं हजर. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की सांगितलंस ते बरं केलंस. माझी आत्या पण मला फोनवर म्हणालीच की लग्नाआधी उरक बाई ते, सासरी कळलं तर. त्यामुळे त्या ज्युनिअर पोरीला मी एवढंच म्हटलं की आधी कागदावर पूर्ण आकडा काढ, अर्धा नाही, मी अर्धा सांगून बघितलाय, दोनदा मार बसतो. मग ठरव घरात कोणाला सांगता येईल, बाप नसेल जमत तर आई, आई नसेल तर मामा. आणि आईबापांची एफडी असली तरी कार्ड खिशात ठेवून तिला हात लावू नकोस, कारण माझे हप्ते थांबले तर बँक आबांच्या एफडीतून वळते करून घेणार. राहतं घर तारण ठेवायचा तर विषयच काढायचा नाही.

नऊ हप्ते झालेत, ५२ हजार राहिलेत. दर हप्त्याला आबा चष्मा लावून वहीत एक रेघ मारतात आणि वही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतात. परवा मी आंघोळीला गेलेले तेव्हा माझा फोन आईने उचलला. प्रीअप्रूव्ह्ड लोन होतं, ३ लाखांचं. मला बाथरूममधून ऐकू येत होतं, आई त्याला म्हणत होती, थांबा हं, वही बघून सांगते, आणि मग खणाचा आवाज, आणि मग, "न्हाय, आमचं अजून चार हप्ते हायेत."