अ‍ॅसिडिटीची गोळी ‘आजच बंद’ करू नका

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी वर्षभर घेतली की जठराचा कॅन्सर होतो, अन्न पोटात सडतं, आजच बंद करा, थंड दूध प्या.

कॅन्सरची भीती आली उंदरांवरून. १९८८ मध्ये याच जातीचं ओमेप्राझोल बाजारात आलं, त्याआधीच्या चाचण्यांत मोठे डोस जन्मभर दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी झाल्या होत्या. आम्ल घटलं की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, ते जठराच्या पेशींना वाढायला लावतं. माणसांतही गॅस्ट्रिन वाढतं. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांच्या एन्डोस्कोपीत छोटे पॉलिप (आतल्या अस्तरावरचे उंचवटे) दिसतात, ते बहुतेक निरुपद्रवी असतात. २०१९ च्या कॉम्पास चाचणीत १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्रॅझोल दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. सुमारे तीन वर्षांत ठळक फरक दिसला तो आतड्याच्या जंतुसंसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. कॅन्सरचा निकाल लावायला तीन वर्षं अपुरी आहेत हे खरं, पण ‘होतोच’ म्हणायला आधार नाही.

अन्न सडत नाही. पचनाचं बरंचसं काम लहान आतड्यात होतं. मात्र अन्नातलं बी-१२ सुटं करायला आम्ल लागतं. माळकरी, शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. मजकुरात हे नेमकं नाही.

‘आजच बंद’ मात्र घातक आहे. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे गोळी घेऊन थांबलेल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांत १५ टक्के. दबलेलं आम्ल उसळून येतं आणि माणूस म्हणतो, आजार वाढला. लालबागला आमच्या ओळखीच्या एका काकांचं याहून वाईट झालं. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, जठर सांभाळायला ही तिसरी. मजकूर वाचून त्यांनी तेवढी तिसरीच सोडली. शौच डांबरासारखी काळी झाली, म्हणजे आतून रक्त जात होतं, चक्कर येऊन पडले, रक्त चढवावं लागलं.

दुधाने घटकाभर बरं वाटतं, इतकंच.

एक तक्रार रास्त आहे: मेडिकलमधून न विचारता पट्टीवर पट्टी आणली जाते. साध्या जळजळीला चार ते आठ आठवडे पुरतात, पुढे डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवायचा. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर खाली एवढं जोडा: अ‍ॅस्पिरिन किंवा रोजची दुखण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सोडू नका.