भोरड्या वाट चुकलेल्या नाहीत

एकच मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपांवरून आला; शेवटचा शेजारच्या काकांकडून. काळ्या पक्ष्यांचा थवा रस्त्यावर कोसळतानाचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: ‘नागपूरच्या शिवारातही रोज संध्याकाळी हजारो काळे पक्षी जमत आहेत. फाइव्ह-जीमुळे त्यांना दिशा कळेनाशी झाली आहे. हे भूकंपाचं लक्षण. पिकाचा सत्यानाश होण्याआधी फटाके फोडून हाकला.’

व्हिडिओ खरा आहे, पण मेक्सिकोतल्या क्वाउतेमोक गावचा, फेब्रुवारी २०२२ चा. पक्षी पिवळ्या डोक्याचे ब्लॅकबर्ड, अमेरिका खंडातले. क्लिप शेवटपर्यंत पाहा (फॉरवर्ड करणाऱ्यांनी पाहिली नसावी): बहुतेक पक्षी लगेच पुन्हा वर उठतात, थोडे तिथेच मरून पडतात. शिकारी पक्ष्यानं वरून झडप घातली की अख्खा थवा दबून खाली येतो आणि सगळ्यात खालचे आपटतात. पक्षीतज्ज्ञांना हेच कारण जास्त पटलं.

आपल्याकडचे ते ‘काळे पक्षी’ म्हणजे भोरड्या, पळसमैना. दुर्बीण लावली की डोकं-पंख काळे आणि पाठ-पोट फिकट गुलाबी दिसतं. मध्य आशियात विणीचा हंगाम आटोपून त्या हजारो किलोमीटर उडून येतात, उन्हाळा लागता लागता परततात. दिशा हरवलेल्याला हे जमेल का? भारतात फाइव्ह-जी आलं १ ऑक्टोबर २०२२ ला. ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभं राहून गोफणीनं भोरड्या हाकलणाऱ्या आजोबांच्या काळात कोणता टॉवर होता? नेदरलँड्समधल्या द हेग शहरात २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शेकडो मैना मेल्या, तेव्हाही फाइव्ह-जीवरच खापर फुटलं होतं. तिथली फाइव्ह-जीची चाचणी मात्र जूनमध्येच उरकली होती.

आणि भूकंप? हे दर हिवाळ्यात रोज संध्याकाळी होतं. तेवढे भूकंप झाले असते तर सीताबर्डीचा किल्ला उरला असता का!

काकांना मी शनिवारी उमरेड रोडकडच्या ओळखीच्या वावरात नेलं. पावणेपाचला धुऱ्यावर बसलो तेव्हा समोर एकही पाखरू नव्हतं. मग तारेवर दहा, वीस, पाहता पाहता सगळी तार भरली. आणखी थवे आले ते नांगरलेल्या काळ्या मातीत उतरले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कोण जाणे कशानं, एकदम सगळे उठले. सुपात धान्य पाखडावं तसा पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. थवा वळला, आवळला, पुन्हा सैलावला. काका तीनशेपर्यंत मोजून थांबले. म्हणाले, ‘‘हे एकमेकांवर आपटत कसे नाहीत बे?’’ रोममधल्या मैनांच्या थव्यांचे फोटो मोजून २००८ साली याचं उत्तर निघालं: प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवतो. नाल्याकाठच्या बाभळीत सगळे शिरले आणि वीसेक मिनिटं अशी कलकल चालली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. मग दिवा मालवावा तशी ती थांबली. एकत्र झोपलं की पहारा द्यायला डोळे जास्त आणि शिकाऱ्याच्या तावडीत आपणच सापडण्याची भीती कमी, एवढंच त्या जमण्याचं रहस्य. बाभळीखाली घाण आणि वास मात्र भयंकर. तक्रार करायचीच तर त्याची करा.

पिकाचं म्हणणं निम्मं खरं आहे. ज्वारीचा दाणा दुधात असताना भोरड्या कणसं साफ करतात, त्या शेतकऱ्याला मी कौतुक ऐकवणार नाही. पण पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, त्यांच्यापासून भीती नाही, आणि हरभऱ्यात घाटेअळी टिपायला पाखरं यावीत म्हणून कृषी विभागच पक्षीथांबे लावायला सांगतो. शिवाय सांजेला बाभळीत शिरणाऱ्या भोरड्या दिवसभर खाऊन आलेल्या असतात. राखण करायची ती दिवसा, उभ्या ज्वारीत. अंधारात झोपलेल्या थव्याला उठवून कोणतं कणीस वाचणार?

फटाक्यांनी काय होतं ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या बीबी गावानं पाहिलंय. ३१ डिसेंबर २०१० च्या रात्री तिथं हजारो ब्लॅकबर्ड मरून पडले. रातथाऱ्यावर झोपलेले पक्षी आतषबाजीच्या धमाक्यांनी भेदरून उडाले. त्यांना अंधारात नीट दिसत नाही. घरांवर, झाडांवर आपटून गेले. म्हणजे मेसेजमध्ये भीती घातलीय आकाशातून पक्षी पडण्याची, आणि उपाय सांगितलाय नेमका ते पाडण्याचा.

काकांनी परतीच्या वाटेवर ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. सुतळी बॉम्बचा पुडा मात्र अजून त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहे.