इनफिल्ड फ्लाय की फोर्स आऊट? दोन्ही एकदम होत नाही

इथे अमेरिकेत आमच्या टाऊनच्या रेक लीगमध्ये, म्हणजे गावातल्या मुलांच्या हौशी स्पर्धेत, दहा वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉलची मॅच ज्या निर्णयावर संपली, तो निर्णय चुकीचा होता. चेंडू स्ट्राइक होता की बॉल, पाय बेसला आधी लागला की नंतर, असला वाद असता तर मी पोस्ट लिहिली नसती. तिथे अंपायरला दिसलं ते खरं, विषय संपला. इथे मात्र एकाच प्लेवर दोन नियम लावले गेले, आणि ते दोन्ही एकत्र लागूच शकत नाहीत.

झालं असं. शेवटची इनिंग, आमची टीम एका रनने मागे, एक आऊट (तीन झाले की इनिंग संपते), तिन्ही बेस भरलेले, म्हणजे प्रत्येकावर आमची एक रनर. माझी लेक तिसऱ्या बेसवर. आमच्या बॅटरने चेंडू सरळ वर उडवला, पिचर (चेंडू टाकणारी) आणि सेकंड बेसच्या मधोमध. त्यांची सेकंड बेसवाली मुलगी आरामात खाली येऊन उभी राहिली, चेंडू तिच्या ग्लोव्हच्या कडेला लागला आणि जमिनीवर पडला. अंपायर गप्प. हात वर नाही, आवाज नाही. चेंडू पडलेला बघून आमच्या मुली धावत सुटल्या, कारण त्यांना तेच शिकवलंय. थ्रो होमवर (म्हणजे प्लेटवर, जिथे पोचलं की रन मिळतो) आला, कॅचरने प्लेटवर पाय ठेवला, माझी लेक दोन पावलांनी मागे राहिली. अंपायरने तिला आऊट दिलं. चेंडू अंगाला लावून तिला टॅग कोणीच केलं नव्हतं. तेवढ्यात समोरच्या टीमच्या बाकावरून त्यांचे कोच ओरडले, ‘इनफिल्ड फ्लाय!’ अंपायर जरा थांबला, मग बॅटरकडे बोट दाखवून तिलाही आऊट दिलं. तीन आऊट, मॅच खलास.

ज्यांनी आयुष्यभर क्रिकेटच पाहिलंय त्यांना इनफिल्ड फ्लायचा हा नियम विचित्र वाटतो. कॅच सुटला तरी बॅटर आऊट कसा? पण त्यामागे कारण आहे. चेंडू हवेत असताना रनरला बेस सोडून लांब जाता येत नाही, कारण कॅच झाला तर परत बेस गाठावा लागतो. आणि कॅच सुटला तर मागून येणाऱ्या रनरला जागा करून द्यायला तिला पळावंच लागतं. याचा फायदा घेऊन फिल्डर सोपा कॅच मुद्दाम सोडायचे आणि फुकटात दोन आऊट काढायचे. ही लबाडी बंद करायला बेसबॉलमध्ये 1890 च्या दशकात हा नियम आला, तिथून सॉफ्टबॉलमध्ये. पहिला आणि दुसरा बेस भरलेला असेल किंवा तिन्ही भरलेले असतील, दोनपेक्षा कमी आऊट असतील आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) सहज घेता येईल असा उंच फेअर, म्हणजे हद्दीतला, चेंडू उडाला, तर बॅटर आऊट. चेंडू पडो की न पडो. मग रनरवर पळायची सक्ती राहत नाही. ती पळालीच तर स्वतःच्या जोखमीवर, आणि तिला आऊट करायचं तर चेंडूने टॅग करावं लागतं. नुसता बेसवर पाय ठेवून चालत नाही; तसा आऊट, म्हणजे फोर्स आऊट, पळायची सक्ती असेल तरच मिळतो.

आता आमचा प्ले पुन्हा बघा. इनफिल्ड फ्लाय मानला, तर बॅटर आऊट, पण फोर्स गेला. म्हणजे माझी लेक होमवर सेफ, रन धरला जातो, बरोबरी, दोन आऊट. इनफिल्ड फ्लाय नाही मानला, तर लेक फोर्स आऊट, पण बॅटर पहिल्या बेसवर सेफ. तरीही दोनच आऊट. कुठूनही मोजा, तिसरा आऊट सापडत नाही.

चेंडू ‘सहज’ घेता आला असता का, हे अंपायरने ठरवायचं, आणि दहा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत ते खरंच अवघड आहे. मोठ्यांनाही ते सुटत नाही. 2012 मध्ये अटलांटात ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्स या व्यावसायिक बेसबॉल टीमच्या प्लेऑफ मॅचमध्ये पार लेफ्ट फिल्डमध्ये, म्हणजे बेसपासून खूप लांब, पडलेल्या चेंडूवर इनफिल्ड फ्लाय दिला, लोकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ 19 मिनिटं थांबला. ब्रेव्ह्जचा प्रोटेस्ट (अधिकृत आक्षेप) फेटाळला गेला, कारण तो अंपायरच्या अंदाजाचा प्रश्न होता. अंदाजावर प्रोटेस्ट होत नाही. सॉफ्टबॉलमध्ये नियम चुकीचा लावला तर होतो, पण पुढचा चेंडू टाकायच्या आत करावा लागतो, आणि शेवटचाच प्ले असेल तर अंपायर मैदानाबाहेर जायच्या आत. आमचे कोच म्हणजे हौसेने वेळ देणारे एक बाबा. त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते बॅटी गोळा करायला लागले.

अंपायरबद्दल मला राग नाही, हे स्पष्ट लिहिते. तो हायस्कूलमधला पोरगा आहे. प्लेटमागे एकटा उभा होता, बेसवर दुसरा अंपायर नाही. आमच्या बाजूचे एक गृहस्थ जाळीला चिकटून त्याच्यावर ओरडत होते आणि तो मास्कचा पट्टा नुसता काढत-घालत होता. पन्नाशीच्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलावर असं तुटून पडायचं? आणि ओरडणाऱ्यालाही नियम येत नव्हता, तो म्हणत होता की कॅच सुटला म्हणजे बॅटर सेफच. त्या गलक्यात खरा मुद्दा कोणी मांडलाच नाही. मी मांडायला गेले तोवर पोरगा पार्किंगमध्ये पोचला होता.

मी स्वतः जळगावला शाळेकडून सॉफ्टबॉल खेळलेय. असा चेंडू उडाला की आमचे सर अख्ख्या इनफिल्डला ओरडायला लावायचे, ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट!’ सरावातसुद्धा. तेव्हा कंटाळा यायचा. पण या नियमात ती हाक सगळ्यात महत्त्वाची आहे. चेंडू हवेत असतानाच अंपायरने हात वर करून मोठ्याने सांगितलं, तरच रनरला कळतं की आता पळायची गरज नाही. गप्प राहून मागाहून लावला, तर मुलींना वाचवायला केलेला नियम त्यांनाच अडकवतो. निर्णय उशिरा दिल्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर प्लेट अंपायरला ते दुरुस्त करता येतं, तशी सोय युएसए सॉफ्टबॉल या इथल्या संघटनेच्या नियमांत आहे. ते त्या मुलाला कोणी शिकवलं होतं का?

गाडीत लेक म्हणाली, ‘आई, मी अजून जोरात पळायला हवं होतं.’ तिला वाटतंय तिच्यामुळे मॅच गेली. मी घरी डायनिंग टेबलवर चार वाट्या बेस म्हणून मांडून तिला सगळा प्ले दाखवला. तिला पटलं, पण मग तिने विचारलं, ‘मग त्याने तेव्हाच का नाही सांगितलं?’

लीगला मी मेल केलाय. निकाल बदला असं म्हटलेलं नाही, पॉइंट टेबलशी मला देणंघेणं नाही. मागितलंय ते एवढंच: सीझनआधी या मुलांना एक दिवस तरी नीट शिकवा, प्लेटमागे एकट्याला उभं करू नका, वादाचा निर्णय झाला की दोन्ही टीमच्या मुलींना जवळ बोलावून एका वाक्यात कारण सांगायची पद्धत पाडा. आणि हे जमणार नसेल तर दहा वर्षांखाली हा नियम लावूच नका. काही लीग लहान गटात तो लावत नाहीत.

अमेरिकेत ज्यांच्या मुली रेक लीगमध्ये खेळतात त्यांनी कृपया कमेंटमध्ये लिहा: तुमच्याकडे इनफिल्ड फ्लाय कुठल्या वयापासून लावतात आणि अंपायर मुलांना कोण शिकवतं? लीगच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये मला दुसऱ्या टाऊनची उदाहरणं ठेवायची आहेत.