‘फुकटचं नको, कमाईचं सांगा’ : केजहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

फोनवर फुकट काय काय मिळतं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती इथं देते. तुम्ही लिहिलंय : “ताई, तुम्ही अंबाजोगाईत बसून पोरांना फुकट कोर्स अन् फुकट पुस्तकं सांगायलात. त्यानं पोट भरतं का? आमच्याकडं ना कंपन्या ना पाणी. लेकरू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाईलवर टास्क करून चार पैसे मिळवायलंय, तर तुम्ही सगळ्याच ॲपना फ्रॉड म्हणता. २०१८ ला तुम्ही स्वतः लिंक टाकून कमावलंत ते चाललं का? त्याच्या ॲपात आज ९,२०० रुपये जमा आहेत. फक्त १,५०० भरले की खात्यात येतील. मग बोला.”

आधी शेवटच्या ओळीचं बोलते, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल. ते १,५०० रुपये भरू नका. भरून झाले असतील तर हे वाचणं इथंच सोडा आणि १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा तो सरकारी नंबर आहे. समोरच्यानं पैसे पुढच्या खात्यात ढकलायच्या आत तक्रार पोचली तर ते मधेच गोठवता येतात, म्हणून एकेका तासानं फरक पडतो. सोमवारी ठाण्यात जाऊ, असं करू नका.

आता मी इतक्या ठामपणे का बोलते ते सांगते. तुम्ही मोंढ्यात सोयाबीन घालता. हमाली, तोलाई कापून अडत्या पट्टी हातात देतो. ‘आधी दीड हजार टेका, मग पट्टी देतो’ असं म्हणणारा अडत्या आजवर पाहिलाय का? ऊसतोडीत तर मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, उचल आधी देतो आणि काम नंतर घेतो. त्या उचलीपायी माणसं कशी अडकून पडतात ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, पण तिथंसुद्धा पैसा आधी मजुराच्या हातात पडतो. ज्याला खरंच ९,२०० द्यायचे आहेत तो त्यातलेच १,५०० कापून ७,७०० पाठवील. तो कापून घेत नाही, वेगळे मागतो, कारण ते ९,२०० कुठल्याच बँकेत नाहीत. त्यांच्या पडद्यावर लिहिलेला तो आकडा आहे.

मुलाला सुरुवातीला खरे पैसे मिळाले असणार. व्हिडिओला लाइक कर, हॉटेलला पाच स्टार दे, आणि दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात. म्हणूनच त्याचा विश्वास बसला, आणि त्याला मी मूर्ख मुळीच म्हणणार नाही. ते दोनशे म्हणजे त्या लोकांचं बियाणं. मग टेलिग्रामवरचा एक ग्रुप येतो, त्यात रोज कुणीतरी ‘मला आले’ म्हणून फोटो टाकतं. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो : पाचशे भरा, सातशे घ्या. तेही एकदा-दोनदा मिळतात. पुढं आकडा फुगत जातो आणि काढायची वेळ आली की कधी टॅक्स, कधी फी, कधी ‘तुमचा स्कोअर कमी झाला’. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशाच पार्ट-टाइम कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली चालणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. नावं बदलून त्या परत येतात. आमच्याच गल्लीतल्या एका मुलानं असे १८ हजार घालवले, तेही बहिणीच्या डिलिव्हरीसाठी ठेवलेले. तो महिनाभर घरात कुणाशी बोलला नाही.

हे दुखणं जुनंही आहे. २०१०-११ ची ‘स्पीक एशिया’ तुम्हाला आठवत असेल. वर्षाचे ११,००० रुपये आधी भरायचे आणि घरबसल्या आठवड्याला सर्वेचे दोन फॉर्म भरून हजार रुपये घ्यायचे, अशी ती योजना होती. सुरुवातीच्या लोकांना मिळालेही, आणि त्यांनीच पाहुण्यारावळ्यांना आत ओढलं. २०११ मध्ये पैसे थांबले आणि देशभरातले लाखो लोक अडकले. फॉर्म भरायचे पैसे फॉर्म भरणाऱ्याच्याच खिशातून आलेले होते.

माझ्या लिंकचं. हो, टाकली होती. गुगलचं ‘तेज’ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याचं नाव गुगल पे झालं. तुमच्या लिंकवरून कुणी ॲप घेऊन पहिला व्यवहार केला की दोघांनाही ५१ रुपये. माझ्या लेखावरून आठ जणांनी घेतलं, मला ४०८ रुपये मिळाले. पण त्या लिंकचे पैसे मला मिळतात, हे मी लेखात सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं. तुमचा तेवढा आरोप पूर्ण मान्य आहे. लिंक नंतर काढून टाकली, आणि त्यानंतर या ब्लॉगवर एकही तशी लिंक नाही.

पण त्या ५१ रुपयांतून शिकण्यासारखं आहे. ते जाहिरातीचे पैसे होते. वर्तमानपत्राला द्यायचे ते कंपनीनं गावातल्या पोरांना दिले, आणि पोरांनी पारावर बसून अख्ख्या गावाच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं. जिओनंही सप्टेंबर २०१६ पासून पुढच्या मार्चपर्यंत नेट फुकट दिलंच होतं. लोकांना सवय लागली की बक्षीस आटतं. आधी स्क्रॅच कार्डात रोख निघायची, आता बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीचं कूपन निघतं. ही काही फसवणूक नाही. फक्त तो हंगाम होता आणि सरला. ‘अमुक जणानं रेफरलवर इतके कमावले’ ही गोष्ट आजच्या पोरानं पायाभूत धरू नये, एवढंच माझं म्हणणं.

सगळ्याच ॲपना मी फ्रॉड म्हणते, हे मात्र बरोबर नाही. खरी असतात ती किती देतात, हे मी वहीत लिहून ठेवलंय. गुगलचं ओपिनियन रिवॉर्ड्स सात महिने वापरलं. ३१२ रुपये जमले. ते खात्यात येत नाहीत, प्ले स्टोअरवरच खर्च करावे लागतात, आणि वर्षभरात वापरले नाहीत तर जातात. प्रश्न कसले, तर ‘नुकतंच या दुकानात गेला होतात का’. फोन कुठं कुठं फिरतो हे त्यांना कळतं, त्याचा हा मोबदला. मी जाणूनबुजून दिला. तुमच्या मुलानंही जाणूनबुजून द्यावा, पण त्यानं मेसचा एक आठवडाही निघणार नाही. यूट्यूबचं म्हणाल तर तिथं पैसे खरे आहेत आणि वाट लांब आहे. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यूज. त्यानंतर खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन टपालानं घरी येतो, आणि १०० डॉलर भरल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पण बघा, यात कुठंही त्यांनी आपल्याकडं आधी पैसे मागितलेले नाहीत.

आणि पैसे लावून खेळायच्या ॲपचं त्याला एकदा स्पष्ट विचारा. क्रिकेटची टीम लावणं असो की रमी, पैशांवरचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झालेत. आता जे कुणी तशी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवतं ते कायद्याबाहेरचं आहे, तिथं बुडालं तर दाद कुणाकडं मागणार?

‘फुकट कोर्सनं पोट भरतं का’ हा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. त्याचं उत्तर मला माझ्या जुन्या कामातून सापडतं. मी चार वर्षं एका नेट कॅफेत फॉर्म भरायला बसत होते. शिष्यवृत्तीचे, भरतीचे, पीकविम्याचे. धारूर, परळी, रेणापूरच्या खेड्यांतून लोक यायचे. एकदा एक मुलगी आली, हातात मोबाईल, डोळे रडून सुजलेले. डेटा एंट्रीचं काम घेतलं होतं तिनं. कंपनीनं धूसर फोटो पाठवले, त्यातला मजकूर टाइप करायचा. सहा दिवस ती आमच्याकडंच तासाचे पैसे देऊन बसली होती. सातव्या दिवशी ‘तुमची अचूकता ८९ टक्के आली, करारात ९० होती’ असा मेसेज. मागोमाग वकिलाच्या नावाची नोटीस, शिक्का मारलेली : ५,८०० भरा, नाहीतर कोर्टात या. खाली क्यूआर कोड. तिला वाटलं, आता पोलीस घरी येणार. वडील ऊसतोडीला कर्नाटकात होते. मी तिला इतकंच विचारलं, “कोर्ट कधी क्यूआर कोड पाठवून पैसे मागतं का गं?” तिनं भरले नाहीत. पुढं काहीच झालं नाही, दोन-चार धमक्यांचे फोन आले आणि थांबले. पण तिचे सहा दिवस गेले, कॅफेचे पैसे गेले, आणि ते पैसे घेणारी मी होते. हा ब्लॉग मी त्या वर्षी सुरू केला.

त्याच खुर्चीवरून मला दुसराही हिशेब दिसायचा. शिष्यवृत्तीच्या एका फॉर्मसाठी पोरगं तालुक्याला यायचं. जाण्यायेण्याचं भाडं, झेरॉक्स, आमचे शंभर-दीडशे, आणि सर्व्हर बंद असला की दुसऱ्या दिवशी परत तेच. सोबत आई किंवा बाप असला तर त्यांचा रोज बुडालेला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा तो फॉर्म पोराला स्वतःच्या फोनवरून भरता येतो. सातबारा नुसता बघायचा असेल तर भूलेख या सरकारी साइटवर काही लागत नाही, डिजिटल सहीचा पाहिजे असेल तर महाभूमीच्या साइटवर १५ रुपये. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, तर ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतःच्या फोनवरून बांधावर उभं राहून करायची सोय आहे, तरी ती लावून द्यायचे पैसे घेणारे गावोगाव आहेत. डिजिलॉकरमध्ये दहावी-बारावीचं मार्कलिस्ट ठेवलं की प्रत्येक वेळी ट्रंक उचकावी लागत नाही. हे सगळं जोडून बघा काका. माझ्या सात महिन्यांच्या ३१२ रुपयांपेक्षा एका घराचा एका हंगामात वाचलेला खर्च कितीतरी जास्त भरतो, आणि तो रोख असतो. मी फुकटच्या सेवांवर इतकं लिहिते ते यासाठी. आपल्याकडं पैसा यायच्या वाटा कमी आहेत, पण जायच्या वाटा मोप आहेत, आणि त्यातल्या काही नेटवरून आज बुजवता येतात.

तुमचं लेकरू बी.एस्सी.ला आहे म्हणून अजून एक. एनपीटीईएल या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची अख्खी व्याख्यानमाला फुकट आहे, परीक्षा द्यायची तरच साधारण हजार रुपये लागतात. सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या स्वयम पोर्टलवरून केलेल्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायला यूजीसीनं ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय. मराठवाडा विद्यापीठाखालच्या त्याच्या कॉलेजात कुठले विषय धरतात ते आधी विचारून घ्या, मग हजार रुपये घाला. पहिल्या महिन्यात यानं पोट भरणार नाही, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, तरी विचारते. त्या ग्रुपमधून त्याला ‘तुझं खातं वापरू दे, हजाराला वीस रुपये कमिशन’ असं कुणी म्हटलंय का? आपल्याकडच्या पोरांना हे फार सोपं काम वाटतं. खात्यात पैसे येतात, पुढं पाठवायचे, संपलं. ते पैसे दुसऱ्या कुणाचे लुटलेले असतात. ज्याचे गेले तो कुठल्या तरी लांबच्या राज्यात तक्रार करतो आणि तपास पहिल्यांदा तुमच्या मुलाच्या नावावर येऊन थांबतो. खातं गोठतं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यावर येते, आणि ते खातं हेच असलं तर तीही अडकते. असं कमिशन घेतलं असेल तर त्याला रागवू नका. आज बँकेत जा आणि लेखी कळवा. स्क्रीनशॉट पुसू देऊ नका, तेच उद्या त्याच्या बाजूनं बोलतील.

मुलाला माझं पटणार नाही, हे मी धरून चालते. त्याचे पहिले दोनशे रुपये खरे आलेत आणि मी त्याच्यासाठी कुणीच नाही. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. आज रात्री त्यानं त्या ग्रुपमधल्या माणसाला एवढंच लिहावं : ‘माझ्या ९,२०० मधून तुमचे १,५०० कापून घ्या आणि ७,७०० पाठवा.’ पिन, ओटीपी काही द्यायचं नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्याला माहीत असेलच. कसली फाइल पाठवून ‘हे ॲप टाक’ म्हटलं तर टाकायचं नाही. काय उत्तर येतं ते इथंच खाली लिहा. ७,७०० आले तर तुमची प्रतिक्रिया मी ब्लॉगच्या पहिल्या पानावर लावीन आणि माझी चूक तिथंच कबूल करीन.