बाल्कांव हवा, गाव नको

शापोरा नदीच्या काठी, आमच्या वाड्याला लागून, ‘पारंपरिक गोमंतकीय शैलीतील’ जो आलिशान सदनिकांचा प्रकल्प उभा राहिला आहे, त्याचा जाहिरात फलक रोज येता-जाता दिसतो आणि रोज तितकाच संताप होतो. फलकावर बाल्कांव, म्हणजे दारापुढची बांधीव बाकांची ओसरी आहे, शिंपल्यांच्या खिडक्या आहेत, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर आहे. त्या घरांमागचे शहाणपण मात्र या बांधकामात औषधालाही सापडत नाही.

बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असतो, कारण संध्याकाळी त्याच्या बांधीव बाकावर बसून दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराची वाट पाहायची असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची असते. येथे प्रत्येक सदनिकेचा बाल्कांव पोहण्याच्या तलावाकडे वळवलेला आहे, आणि रस्त्याच्या बाजूला माणसाहून उंच भिंत, तिच्यावर कॅमेरे व फाटकात आम्हालाच नाव-गाव विचारणारा रखवालदार आहे. काच दुर्मीळ होती तेव्हा शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी चौकटीत बसवत, ज्यातून उजेड येई पण ऊन डोळ्यांवर येत नसे; येथे त्याच आकाराचे प्लास्टिक चिकटवून मागे दिवसरात्र वातानुकूलन चालते. कौलेसुद्धा सिमेंटच्या स्लॅबवर नुसती मांडलेली आहेत.

याच काळात ज्यांच्याकडे खरी चिऱ्याची घरे आहेत, त्यांना एक वासा बदलायचा म्हटले तरी घाम फुटतो. वारसांच्या यादीतील निम्मे लोक मुंबईला, लंडनला किंवा लिस्बनला, त्यांच्या सह्या मिळेपर्यंत दोन पावसाळे छपरातून आत येतात, आणि जुन्या पद्धतीचे काम जाणणारा सुतार मिळाला तर तो आधीच एखाद्या प्रकल्पाच्या कामावर असतो.

सर्वांत मोठी फसवणूक जागेची आहे. आमच्या पूर्वजांनी घरे सहसा डोंगराच्या पायथ्याशी, उंचवट्यावर बांधली आणि खालची खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन भातासाठी व मासळीसाठी राखली. नदीचे खारे पाणी अडवणारा मातीचा बांध, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची लाकडी दारे, ही व्यवस्था गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेने शतकानुशतके सांभाळली. ज्या परंपरेच्या नावाने या सदनिका विकल्या जात आहेत, तिने त्या जागी कोंबड्यांचे खुराडेही बांधू दिले नसते! आता तेथे डंपरांनी माती ओतून भराव घातला आहे, पाण्याची वाट बुजली आहे आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या पायथ्यापर्यंत येते. भरती-ओहोटीच्या नद्यांच्या काठालाही किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, तरीही गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये कलम 17(2) घालून, कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याची सोय झाली, आणि शेतजमिनीला शेतजमीन म्हणणे हीसुद्धा चूक ठरू शकते, हे राज्यभर लोकांनी पाहिले.

यावर कळस म्हणजे, ज्यांना जाहिरातीत होडी आणि जाळे टाकणारा रापणकार दाखवून सदनिका विकल्या, त्याच रहिवाशांनी आता पंचायतीकडे अर्ज दिला आहे की, काठावर सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, पहाटे होड्यांच्या इंजिनांनी झोपमोड होते, तेव्हा धक्क्याकडे जाणारी पायवाट बंद करावी. पंचायतीने तो अर्ज विषयपत्रिकेवर घेतला आहे.