दुसऱ्यांदा ईसीजी का काढला: सेंटरच्या मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आमच्या टेक्निशियननं पहिला कागद फाडला आणि आप्पांना पुन्हा वायरी लावल्या, म्हणजे मशीन खराब. ‘करंट देतात’ म्हणून आप्पा घाबरले. आणि एवढं करून रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे पैसे पाण्यात.

आप्पा घाबरले ही चूक आमचीच. वायरी लावण्याआधी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

हे मशीन अंगात करंट सोडत नाही, हृदयात तयार होणारा करंट टिपतं. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून विजेची लहर निघते, खालच्या कप्प्यांत पसरते, मग हृदय आकुंचन पावतं. कागदावरचा पहिला छोटा उंचवटा वरच्या कप्प्यांचा, उंच टोक खालच्या कप्प्यांचं, आणि मागची गोल टेकडी तेच कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात त्याची. हातापायांचे 4 चिमटे आणि छातीवर चिकटवलेले 6 रबरी बल्ब मिळून हे सगळं 12 बाजूंनी दिसतं. कातडीपर्यंत पोचतो तो करंट इतका बारीक, की कागदावर 10 मिलिमीटर उंची म्हणजे फक्त 1 मिलिव्होल्ट.

म्हणूनच अंगाची थरथरसुद्धा त्यात उमटते. आप्पा भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हातून घामाघूम आले आणि थेट कूलरसमोर झोपले. हुडहुडी भरली, घामानं बल्ब निसटले, रेघ कुसळं फुटल्यासारखी आली. तसा कागद डॉक्टरांच्या हाती देणं मला पटत नाही. दुसऱ्यांदा काढल्याचे पैसे घेतलेले नाहीत, पावती बघा. कूलरचं तोंड आता फिरवलंय, आणि आधी दहा मिनिटं बसवून, घाम पुसूनच झोपवतो.

आता नॉर्मलचं. यातच माझा जीव अडकलाय. ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांची नोंद. नसेत ब्लॉकेज असूनही आराम करताना काढलेला कागद स्वच्छ येऊ शकतो. आप्पांच्या छातीत पुन्हा दाब आला, दरदरून घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणत घरी थांबू नका. लगेच 108 ला फोन करा.

हा कागद सोबत न्या. नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता येतो. फक्त थर्मल कागद आहे, गाडीत उन्हात ठेवला की काळा पडतो. घेऊन या, झेरॉक्स आम्ही फुकट काढून देतो.